खाजेवर तेल, पण कोणत्या खाजेवर?

अंगाला खाज सुटली की मराठी घरात सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी खोबरेल चोळायला सांगतं, कुणी कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने अंघोळ करायला, कुणी हळदीचा लेप, कुणी आमसुलाचं पाणी, कुणी कोरफडीचा गर, तर कुणी लिंबू कापून सरळ अंगावर चोळायला. यातल्या प्रत्येक सल्ल्यामागे कुणाला तरी आलेला गुण असतो आणि तो खोटाच असतो असं नाही. पण सल्ला देणारा एक प्रश्न सहसा विचारत नाही: ही खाज कशाची? थंडीत नडग्यांवर सुटणारी, रात्री बोटांच्या बेचक्यांत उठणारी, जांघेत गोल चट्टा करत पसरणारी आणि कातडीवर काहीही न दिसता तळपायांना सुटणारी, अशा चारही खाजा खाजवणाऱ्याला सारख्याच वाटतात. त्यांच्या कारणांचा मात्र एकमेकांशी काडीचा संबंध नसतो. घरगुती उपायांवरचा वाद आपल्याकडे आयुर्वेद विरुद्ध ॲलोपॅथी किंवा नैसर्गिक विरुद्ध केमिकल असा रंगतो आणि त्या गदारोळात हा मूळ प्रश्न बाजूला पडतो. हाताशी असलेला पुरावा नीट पाहिला, तर कोरडेपणाच्या खाजेवर स्वयंपाकघरातलं तेल हा अव्वल उपचार ठरतो. बुरशी, किडा किंवा पोटातल्या आजाराने उठणाऱ्या खाजेवर मात्र तेच तेल फक्त दिवस घालवतं.

जर्मन वैद्य सॅम्युएल हाफेनरेफर यांनी १६६० मध्ये खाजेची व्याख्या केली: खाजवण्याची इच्छा निर्माण करणारी नकोशी संवेदना. साडेतीनशे वर्षांनंतरही पाठ्यपुस्तकं तीच व्याख्या वापरतात. खाज म्हणजे सौम्य वेदनाच, असं मात्र बराच काळ मानलं जाई. २००७ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी मज्जारज्जूत खास खाजेचा निरोप वाहणारा एक ग्राहक-रेणू शोधून काढला. तो नसलेले उंदीर खाजवत कमी, पण वेदना मात्र त्यांना नेहमीसारखीच होई. खाजेची स्वतःची वाट असल्याचं त्यातून स्पष्ट झालं. या वाटेवर निरोप धाडणारी रसायनंही अनेक आहेत. डास चावल्यावर किंवा अंगावर पित्त उठल्यावर हिस्टामिन हे रसायन पुढे असतं, म्हणून तिथे सेट्रिझिनसारखी गोळी चटकन गुण देते. इसब, कोरडी कातडी किंवा मूत्रपिंडाचा विकार यांच्या खाजेत हिस्टामिनचा हात फारसा नसतो. तिथे जुन्या पिढीतल्या गोळीने झोप लागते, एवढंच. थोडक्यात, दुकानातल्या गोळीलासुद्धा कारण जुळावं लागतं. मग घरातल्या लेपाला त्यातून सूट कशी मिळेल? आणि खाजवल्याने क्षणभर बरं वाटतं ते खाजेच्या निरोपावर वेदनेचा निरोप मात करतो म्हणून. पण नखांनी कातडीचा थर ओरबाडला की दाह वाढतो आणि पुन्हा खाज सुटते. हे चक्र तोडणं हा कुठल्याही उपायाचा पहिला हेतू असायला हवा, आणि म्हणूनच नखं बारीक कापणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे.

सगळ्यांत जास्त आढळणारी खाज कोरडेपणाची. कातडीचा सर्वांत वरचा थर कागदाहून पातळ असतो, पण त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी असते: मेलेल्या सपाट पेशी या विटा आणि त्यांच्यामधले सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्लं हा चुना. चुना झिजला की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचे क्षोभक पदार्थ आत शिरतात. वय वाढलं की हा मेद तयार होणं मंदावतं, म्हणून म्हातारपणी पाठ आणि नडग्या खाजतात. काही जणांत विटाच कच्च्या असतात. फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असला की कातडी जन्मतःच कोरडी राहते आणि इसब होण्याची शक्यता वाढते, हे २००६ मध्ये सिद्ध झालं. उरलेलं नुकसान आपण न्हाणीघरात करतो. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू, म्हणजे पीएच, साधारण पाचच्या आसपास. अंगाचा साधा साबण नऊ-दहाच्या घरात. कढत पाणी आणि फेसाळ साबण मिळून तो मेद धुऊन काढतात. थंडीत हवा कोरडी, पाणी अधिक कढत आणि अंघोळ अधिक लांब, असं तिहेरी संकट येतं. त्यात कढत पाणी खाजऱ्या भागावर ओतलं की विलक्षण सुख वाटतं आणि अर्ध्या तासात खाज दुपटीने परतते. त्यामुळे कोरड्या खाजेवरचा पहिला घरगुती उपाय म्हणजे काही लावणं नसून काही बंद करणं: पाणी कोमट, अंघोळ पाच-दहा मिनिटांची आणि साबण काखा, जांघा, पाय एवढ्यापुरता.

दुसरा उपाय तेल, आणि इथे आजीच्या बाजूने चांगला पुरावा आहे. २००४ मध्ये फिलिपिन्समधल्या संशोधकांनी कोरड्या कातडीच्या रुग्णांना दोन गटांत वाटून एका गटाला खोबरेल आणि दुसऱ्याला खनिज तेल लावायला दिलं. कातडीतला ओलावा दोन्ही गटांत सारखाच सुधारला. इसब असलेल्या प्रौढांवर आणि पुढे लहान मुलांवर झालेल्या चाचण्यांत खोबरेल ऑलिव्ह तेलापेक्षा आणि खनिज तेलापेक्षा सरस ठरलं. इसबाच्या कातडीवर ठाण मांडणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूंचं प्रमाणही त्याने घटलं. पण यावरून सगळीच तेलं एका माळेचे मणी ठरत नाहीत. ऑलिव्ह तेलाने प्रौढांच्या कातडीचा वरचा थर कमजोर होतो आणि सूर्यफुलाच्या तेलाने तो शाबूत राहतो, असं ब्रिटनमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या अभ्यासात २०१३ मध्ये दिसलं. मोहरीच्या तेलाने उंदरांच्या कातडीची भरून येण्याची क्रिया लांबली. तेलातल्या मेदाम्लांचं प्रमाण कसं, यावर हे अवलंबून असतं. कोकणात आमसुलाच्या बियांपासून काढलेलं मुठेल टाचांच्या भेगांना लावतात. ते घट्ट असतं, अंगाच्या उबेला जेमतेम वितळतं आणि म्हणून कातडीवर टिकून पाणी अडवतं. भेगाळलेल्या टाचेला अशाच जाड थराची गरज असते. आणि ज्याच्याकडे यातलं काही नाही, त्याच्यासाठी साधं व्हॅसलीन आहे. ते खनिज तेलापासून बनतं म्हणून अनेकांना नकोसं वाटतं. पण कातडीतलं पाणी रोखण्यात त्याच्या तोडीचं फार थोडं आहे आणि त्याला वास नसल्याने त्याची ॲलर्जीही विरळा.

तेल कधी लावायचं, यावर मात्र परंपरेला एक पुस्ती जोडावी लागते. दिवाळीच्या अभ्यंगात तेल अंघोळीआधी लागतं आणि उटण्याने उतरतं. साबणाऐवजी उटणं वापरणं कातडीला सौम्य, आणि आधी लावलेलं तेल साबणाचा मारा काही प्रमाणात सोसतं, एवढा त्याचा फायदा नक्की आहे. पण कोरड्या कातडीला हवा असतो तो अंघोळीनंतर अंगावर राहणारा थर. तेल स्वतः पाणी पुरवत नाही. आत मुरलेलं पाणी ते कोंडून धरतं. म्हणून पंचा अंगावर खसाखसा न घासता टिपायचा, कातडी दमट असतानाच तीन-चार मिनिटांच्या आत तळहातावर थोडं खोबरेल घेऊन पातळ हात फिरवायचा आणि मगच कपडे घालायचे. पूर्ण सुकलेल्या अंगावर तासाभराने वाटीभर तेल चोळण्यापेक्षा दमट अंगावरचं चमचाभर तेल जास्त काम करतं. लोकरीचा स्वेटर उघड्या कातडीवर न घालता आत सुती कपडा घालणं हाही याच उपचाराचा भाग. हे सगळं रोज नेमाने केलं तर साध्या कोरडेपणाची खाज आठ-पंधरा दिवसांत बरीच उतरते.

याच खोबरेलाची दुसरी बाजू उन्हाळ्यात दिसते. घामोळं म्हणजे घामाच्या नळ्या तुंबून झालेला दाह. त्यावर तेल थापलं की नळ्या आणखी तुंबतात. तिथे गार पाण्याने अंग धुणं, सैल सुती कपडे आणि वारा हाच उपाय. डोक्यातल्या कोंड्याचंही तसंच. त्यामागे मलॅसेझिया नावाची मेदावर जगणारी बुरशी असते आणि डोकं तेलाने चिंब ठेवल्याने तिची सोयच होते. तेल तेच, माणूस तोच, फक्त कारण बदललं आणि औषधाचा अपाय झाला. उलट गारव्याचा उपाय बहुतेक खाजांवर चालतो, कारण तो थेट मज्जातंतूंवर काम करतो. गारव्याची जाणीव देणारा जो ग्राहक मज्जातंतूत असतो, तोच पुदिन्यातल्या मेंथॉलने चेततो आणि खाजेचा निरोप दबतो. थंड पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं दहा मिनिटं ठेवलं तरी तेच साधतं. बारीक दळलेल्या ओट्सच्या पाण्यालाही आधार आहे: ओट्समधली ॲव्हेनँथ्रामाइड ही द्रव्यं दाह कमी करतात आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये ओट्सच्या अशा पिठाला त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली. पण गारवा असो वा ओट्स, त्यांनी खाज शमते. खाजेमागचा आजार जागेवरच राहतो.

इथे हमखास येणारा आक्षेप असा की, पिढ्यान्‌पिढ्या गुण येत आलाय, त्याला काय म्हणाल? अंगावर पित्त उठलं की आमसूल कोळून ते पाणी लावायची रीत घ्या. गांधी उठतात, आमसुलाचं पाणी लागतं आणि तासा-दोन तासांत अंग स्वच्छ होतं. गुण आला हे खरं. पण पित्ताची प्रत्येक गांधी मुळातच अल्पायुषी असते, ती चोवीस तासांच्या आत आपोआप विरते. ओल्या गारव्याने आराम पडतो आणि विरण्याचं श्रेय आमसुलाला मिळतं. यात आमसुलाने काही बिघडत नाही, म्हणून ती रीत सोडायचंही कारण नाही. मात्र पित्तासोबत ओठ-डोळे सुजले, आवाज बसला किंवा श्वास अडला तर तो प्रसंग आमसुलाचा राहत नाही. तिथे मिनिटं मोलाची असतात आणि तडक रुग्णालय गाठावं लागतं. खाजेचे कितीतरी प्रकार मुळातच येऊन-जाऊन असतात. अशा आजारात मधेच लावलेला कोणताही लेप यशस्वी ठरतो. म्हणून अनुभव खोटा नसला तरी एकटा पुरत नाही. उपाय केलेल्यांची तुलना न केलेल्यांशी व्हावी लागते.

दुसरा आक्षेप निरुपद्रवीपणाचा: झाडपाल्याने फायदा नाही झाला तरी तोटा काय? बिब्ब्याला विचारा. बिब्ब्याच्या काळ्या रसात कातडीला भाजणारी, ॲलर्जी उठवणारी द्रव्यं असतात. काजूच्या टरफलाचं तेल त्याचंच भाईबंद. धोबी कपड्यांवर खुणेसाठी बिब्ब्याची शाई वापरत, आणि दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कमरेवर नेमक्या त्या खुणेखाली फोड उठल्याचं डॉक्टरांनी नोंदवून ठेवलंय. रुईचा चीक, ठेचलेला लसूण यांनीही कातडी भाजते. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की त्यातली फ्युरोकुमरिन्स उन्हाने चेततात आणि जळल्यासारखे डाग महिनोन्‌महिने राहतात. खायचा सोडा साबणासारखाच आम्लारीधर्मी, म्हणजे कोरड्या कातडीला तेल लावून पुन्हा ते धुऊन काढण्यासारखं. आणि नैसर्गिक-केमिकल ही फाळणी किती पोकळ आहे ते गोवा पावडरीच्या इतिहासात दिसतं. ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडात मिळणारी ही पिवळट भुकटी पोर्तुगीजांच्या वाटेने गोव्यात आणि तिथून मुंबईच्या बाजारात आली. नायट्यावर ती चोळत. १८७० च्या दशकात लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मॅनो स्क्वायर यांना दिसलं की ती सोरायसिसवर चालते. १९१६ च्या सुमारास जर्मनीत तिच्यातल्या द्रव्याचा कृत्रिम भाऊबंद, डिथ्रानॉल, तयार झाला आणि तो दशकानुदशकं सोरायसिसचं प्रमुख औषध होता. दोन्ही कातडीला डाग पाडतात, दोन्ही चुकीच्या मात्रेत भाजतात. झाडातून आलं की कारखान्यातून, याने त्यात फरक पडला नाही.

सगळ्यांत मोठी गल्लत खरजेत होते. खरूज एका सूक्ष्म किड्याने होते. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणून अंडी घालते. हा किडाच खरजेचं कारण असल्याचं इटलीत १६८७ मध्ये बोनोमो आणि चेस्तोनी यांनी दाखवून दिलं होतं. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे घरातल्या एकाची खाज दिसेतो बाकीच्यांना लागण झालेली असते. बोटांच्या बेचक्या, मनगटं, कंबर, जननेंद्रियं ही तिची ठिकाणं आणि रात्र ही तिची वेळ. यावर कडुलिंब आणि हळदीचा लेप चालतो असं म्हणणाऱ्यांच्या हाती एक अभ्यासही आहे: तमिळनाडूत ८१४ रुग्णांना असा लेप दिला आणि ९७ टक्के रुग्ण ३ ते १५ दिवसांत बरे झाले, असं १९९२ मध्ये प्रसिद्ध झालं. आकडा घसघशीत आहे, पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि हा निकाल निर्णायक चाचणीत पक्का झालेला नाही. कडुलिंबात कीटकांवर चालणारी द्रव्यं आहेत, तेव्हा पुढे संशोधन व्हायला हरकत नाही. आज मात्र परमेथ्रिन ५ टक्के हे मलम उपलब्ध आहे: रात्री मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा लावायचं, सकाळी धुवायचं, आठवड्याने पुन्हा एकदा, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, कुणाला खाज नसली तरी. कपडे-चादरी कढत पाण्यात धुवायच्या. किडे मेल्यावरही दोन-तीन आठवडे खाज रेंगाळते. ती औषध फसल्याची खूण नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला, तो या साध्या आजाराने दाटीवाटीच्या वस्त्या पोखरल्या म्हणून.

नायट्याच्या बाबतीत धोका उलट दिशेने येतो. घरोघरचा खरा घरगुती उपाय आता पाला राहिलेला नाही. तो मेडिकलच्या दुकानातून न विचारता आणलेली ट्यूब आहे. अशा अनेक ट्यूबांत बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि तीव्र स्टेरॉइड अशी मिसळ असते. स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज पळते, लाली उतरते आणि माणूस खूश होतो. बुरशीला मात्र रान मोकळं मिळतं, कारण तिला रोखणारी प्रतिकारशक्तीच स्टेरॉइडने दबते. चट्टा पसरतो, ओळखू येईनासा होतो, जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमचे ओरखडे उमटतात. भारतात गेल्या दशकात हट्टी नायट्याची जी साथ उसळली, तिच्यात या ट्यूबांचा वाटा असल्याचं त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या बुरशीच्या एका जातीला २०२० मध्ये नाव मिळालं तेही ट्रायकोफायटन इंडोटिनी. केंद्र सरकारने २०१८ मध्ये चौदा स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरी काउंटरवर त्या ट्यूबा सहज मिळतात. नायट्याचा चट्टा ओळखायला सोपा: कड उठलेली, लाल, खवल्यांची, मध्यभाग त्यामानाने स्वच्छ. तो दिसला की तेलही नको आणि ती ट्यूबही नको. जागा कोरडी ठेवायची, अंतर्वस्त्रं उन्हात वाळवायची, टॉवेल वेगळा करायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं.

काही वेळा कातडी निर्दोष असते आणि खाज आतून येते. पित्तनलिकेत अडथळा आला, मूत्रपिंडं निकामी होऊ लागली, थायरॉइड बिघडला, शरीरातलं लोह घटलं, क्वचित लिम्फोमासारखा कर्करोग असला, तरी अंगभर खाज सुटते आणि पुरळ म्हणून काही दिसत नाही. दिसतात ते फक्त खाजवल्याचे ओरखडे. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत रात्री तळहात-तळपायांना असह्य खाज सुटली तर यकृतातल्या पित्तप्रवाहाचा बिघाड असू शकतो, आणि त्यात पोटातल्या बाळाला धोका असतो. ‘पोट ताणलं की खाजतंच’ असं म्हणून तेव्हा खोबरेल लावत बसणं परवडणारं नाही. रक्ताची एक तपासणी ते ठरवते.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो सगळ्यांत वजनदार: प्रत्येक खाजेला त्वचारोगतज्ज्ञ कुठून आणायचा? तालुक्याच्या ठिकाणीही तो नसतो, आणि असला तरी मजुरी बुडवून जावं लागतं. हे मान्य करूनही सुचवावंसं वाटतं ते असं की, कारणाचा पहिला तर्क घरातच करता येतो आणि त्याला पैसा लागत नाही. घरात आणखी कुणाला खाजतंय का? रात्री वाढते का? गोल कड आहे का? ताप, वजन घटणं, कावीळ आहे का? खाजेची जागा घामाची की कोरडी? या पाच प्रश्नांची उत्तरं निर्धोक असली आणि कातडी नुसतीच रखरखीत असली, तर दोन आठवडे कोमट पाणी, कमी साबण आणि दमट अंगावर तेल एवढं नेमाने करून पाहावं; तज्ज्ञाकडे गेलात तरी सुरुवात तिथूनच होईल. दोन आठवड्यांत उतार नाही, किंवा वरच्या पहिल्या चार प्रश्नांपैकी एखाद्याचं उत्तर ‘हो’ आलं, तर घरातला पुढचा लेप न शोधता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं. घरगुती उपायांना अशी मुदत आणि मर्यादा आखून दिली, तर त्यांचा खरा गुण पदरात पडतो आणि ते आजाराला आडोसा देत नाहीत.